साधा घ्यावा की प्रोफेशनल? एका महिन्यात दोन लॅपटॉप घेतले त्याबद्दल

जूनमध्ये सांगलीहून ताईचा फोन आला. अगं, हिची बी.कॉम.ला ॲडमिशन झाली, आता लॅपटॉप पाहिजे म्हणतेय, दुकानदार म्हणतो घ्यायचाच तर प्रोफेशनल घ्या म्हणजे पाच वर्षं बघायला नको, सत्तर हजारांचा दाखवतोय, तू दिवसभर त्याच्यावरच असतेस तर तूच सांग काय करू. मी म्हटलं थांब, लगेच पैसे भरू नकोस. योगायोग असा की त्याच आठवड्यात मी स्वतःसाठीही लॅपटॉप शोधत होते. शेवटी महिन्याभरात आमच्याकडे दोन लॅपटॉप आले, भाचीसाठी एक साधा, नवाकोरा, आणि माझ्यासाठी एक बिझनेस क्लासचा, म्हणजे कंपन्यांसाठी बनवलेला, पण वापरलेला. दोन्हींना पैसे जवळजवळ सारखेच गेले. हे सांगितलं की लोक विचारतात असं उलटं कसं, कॉलेजच्या मुलीला नवा आणि ज्याचं पोट त्याच्यावर आहे त्याला जुना? दिवाळीचं काम आता हातावेगळं झालंय, म्हणून निवांत लिहिते.

आधी माझं काम सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मी साताऱ्यात घरून डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी पानं लावून देते. मराठी पुस्तकं, स्मरणिका, शाळांचे वार्षिक अंक, आणि ऑगस्ट लागला की दिवाळी अंक. एरवी दिवसाचे आठ-नऊ तास, सीझनला बारा-चौदा. समोर पानं लावायचं इनडिझाइन, बाजूला फोटोशॉप, मागे मराठी टायपिंगचं श्रीलिपी, ब्राउझरमध्ये मेल आणि व्हॉट्सॲप, कारण निम्मे लेखक मजकूर व्हॉट्सॲपवरच पाठवतात. कोणी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर तसंच दिसणाऱ्या अक्षरांत, कोणी अजून जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, कोणी वहीच्या पानांचे फोटो काढून. हे सगळं एकाच अंकात एकसारखं आणि बिनचूक दिसलं पाहिजे ही जबाबदारी माझी.

2021 मध्ये घरातला डेस्कटॉप बंद पडला आणि घाईत एक साधा लॅपटॉप घेतला. 15.6 इंची, आय3, 8 जीबी रॅम, स्क्रीन 1366 बाय 768. तेव्हा मी प्रोसेसर बघितला, किंमत बघितली, बस. स्क्रीनचे आकडे कोणी सांगितले नाहीत आणि मी विचारलेही नाहीत. वेगाची तक्रार म्हणाल तर फारशी नव्हतीच. दोनशे पानांचं पुस्तक त्याच्यावर व्हायचं, पीडीएफ काढताना पंखा जोरात फिरायचा आणि चहा होईपर्यंत थांबावं लागायचं एवढंच. माझं नुकसान वेगामुळे झालं नाही, दुसऱ्याच गोष्टींमुळे झालं, आणि दुकानात मात्र सगळं बोलणं वेगावरच चालतं, आय5 घ्या, आय7 घ्या, म्हणून हे लिहिण्याची मला इतकी तळमळ आहे.

2023 च्या एका दिवाळी अंकात एक कविता होती. कवी साठीच्या पुढचे, निवृत्त शिक्षक, जुन्या फॉन्टमध्ये कोणाकडून तरी टाइप करून घेतलेली फाइल. शेवटच्या फर्म्यात, म्हणजे एकदम छापायच्या पानांच्या संचात, एक पान मोकळं राहिलं म्हणून रात्री साडेअकराला संपादकांनी ती पाठवली आणि सकाळी फाइल प्रेसला जायची होती. मी फॉन्ट कन्व्हर्ट केला, पान लावलं, स्क्रीनवर दोनदा वाचलं, प्रिंट काढून वाचायला वेळ नव्हता. आता बऱ्याच जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आणि तिच्यावरचा अनुस्वार मिळून एक वेगळंच चिन्ह असतं, कन्व्हर्टरला ते ओळखता आलं नाही तर वेलांटी राहते आणि टिंब उडतं. तसंच झालं. 'आईची चिंता' होतं तिथे 'आईची चिता' छापलं गेलं.

अंक हातात पडल्यावर त्यांचा फोन आला. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाले, "ताई, आई अजून आहे हो माझी. ब्याण्णव वर्षांची आहे. तिला अंक दाखवायचा होता."

दुसऱ्या दिवशी मी तीच फाइल परत उघडली. मुद्दाम 'चिता'च्या शेजारी 'चिंता' टाइप केलं आणि अख्खं पान स्क्रीनवर मावेल एवढ्या आकारात बघितलं, जसं आम्ही घाईत वाचतो तसं. दोन्ही शब्द सारखे दिसत होते. वेलांटीचा गोल जिथे दांड्याला येऊन मिळतो तिथेच वर टिंब बसतं, आणि त्या स्क्रीनवर तिथे एक राखाडी डाग दिसत होता, टिंब असलं तरी आणि नसलं तरी. चूक माझीच होती, प्रिंट काढून वाचायलाच हवं होतं, त्याबद्दल मी त्यांची आणि संपादकांची माफी मागितली. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण रोज ज्याच्याकडे बघतो ती काच आपल्याला काय दाखवत नाहीये.

हिशोब साधा आहे. 1366 बाय 768 ची स्क्रीन 15.6 इंचावर पसरली की एका इंचात साधारण 100 ठिपके येतात. फुल एचडी, म्हणजे 1920 बाय 1080, त्याच 15.6 इंचात 141, आणि 14 इंचात बसवली तर 157. इंग्रजीवाल्याचं 100 मध्ये भागून जातं, त्यांच्याकडे टिंब आय आणि जे या दोनच अक्षरांवर, आणि ते नाही दिसलं म्हणून शब्द बदलत नाही. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर अनुस्वार, मात्रा, रफार, वेलांटी, चंद्र, खाली उकार, ऋकार, हलन्त, आणि एका टिंबाने अर्थ इकडचा तिकडे. मराठीत दिवसभर वाचणं-लिहिणं ज्यांचं काम आहे, मग ते प्रूफ तपासणारे असोत, भाषांतर करणारे असोत की कोर्टात टायपिंग करणारे, त्यांनी प्रोसेसरच्या आधी स्क्रीन बघावी असं मी आता ज्याला त्याला सांगते.

दुसरं नुकसान बिजागरीचं. 2024 च्या सप्टेंबरमध्ये, ऐन सीझनला, सकाळी झाकण उघडलं आणि डाव्या कोपऱ्यात कट् असा आवाज आला. खालची चौकट फाकली, आतलं हिरवं सर्किट दिसायला लागलं. दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोरच उघडलं म्हणून मला आत काय असतं ते बघायला मिळालं. बिजागरी पोलादी होती, चांगली घट्ट, तिला काहीच झालेलं नव्हतं. पण तिचे स्क्रू ज्यात आवळतात ते पितळी नट, ज्वारीच्या दाण्याएवढे, प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्यांमध्ये गरम करून दाबून बसवलेले असतात. रोज दहा वेळा उघडझाक करायची आणि सगळा जोर त्या खुंट्यांवर. तीन वर्षांत त्या तडकल्या आणि नट प्लॅस्टिकच्या कपच्यांसकट उपटून आले. त्याने फेविक्विक टाकलं, वरून खायचा सोडा भुरभुरवला, धूर निघाला आणि दगडासारखं कडक झालं. म्हणाला, मॅडम हे चालेल तेवढे दिवस चालेल, झाकण मधे धरून हळू उघडत जा. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर पार्ट मागवावा लागेल, दोन-तीन आठवडे. माझे सहा दिवस गेले, एका स्मरणिकेचं काम परत करावं लागलं, आणि पुढच्या वर्षी ते लोक माझ्याकडे आले नाहीत.

त्याच दुरुस्तीवाल्या मुलाने मला कीबोर्डही दाखवला. म्हटलं बदलायचा झाला तर? त्याने उलटा करून दाखवलं, वरच्या पूर्ण पत्र्याला तो प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या खुंट्यांनी चिकटवलेला, एक-दोन नाही, बोटांनी मोजता येणार नाहीत इतक्या. म्हणजे एक की बिघडली तर एकतर सगळा वरचा भाग बदला नाहीतर त्या सगळ्या खुंट्या कापून नवा कीबोर्ड कसाबसा बसवा. मग त्याने शेजारचा एका बँकेतून आलेला जुना थिंकपॅड उघडला. खालचे स्क्रू सैल होतात पण बाहेर पडत नाहीत, झाकणातच अडकून राहतात, हरवायचा प्रश्नच नाही. रॅम समोर, फाइली साठवायची एसएसडी समोर, बॅटरी दोन-चार स्क्रूंवर, कीबोर्ड वेगळा निघतो आणि पाणी सांडलं तर खाली वाहून जायला आतून वाट काढलेली. मी तिथे स्टुलावर बसून ते बघत राहिले.

बिझनेस क्लास म्हणजे काय ते मला तिथे समजलं. मोठ्या कंपन्या हजारो लॅपटॉप एकदम घेतात, त्यांच्या आयटीवाल्याला बिघडलेला लॅपटॉप उघडून जेवणाच्या सुट्टीआधी परत चालू करून द्यायचा असतो, म्हणून ते उघडता यावेत असेच बनवतात. कोणता पार्ट कुठल्या नंबरचा, कोणता स्क्रू आधी काढायचा, याचं पुस्तक कंपनीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतं. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्या घराण्यातली नावं. थिंकपॅड 1992 मध्ये आयबीएमने आणला आणि 2005 मध्ये तो लेनोवोकडे गेला, लॅटिट्यूड हे नाव मात्र नव्यात शोधू नका, डेलने 2025 च्या जानेवारीत ते बंद करून डेल प्रो असं नाव जाहीर केलं. आयडियापॅड, आणि आता मागे पडलेली इन्स्पिरॉन, पॅव्हिलियन ही त्याच कंपन्यांची घरगुती नावं. आणि आतला प्रोसेसर बऱ्याचदा अगदी तोच असतो हं! म्हणजे जास्तीचे पैसे वेगाचे नसतात, ते बिजागरीचे, कीबोर्डचे, उघडता येण्याचे आणि सर्व्हिसचे असतात. घरी येऊन दुरुस्त करून जाणारी तीन वर्षांची वॉरंटी या वर्गात सहज घेता येते, साध्यामध्ये बहुतेक वेळा एक वर्ष आणि लॅपटॉप आपणच उचलून सर्व्हिस सेंटरला न्यायचा.

नवीन बिझनेस क्लास मला झेपणारा नव्हता, मला हव्या त्या स्क्रीनसकट तो लाखाच्या आसपास जात होता. म्हणून कंपन्यांकडून परत आलेला, रिफर्बिश्ड घ्यायचं ठरवलं. दादा डोंबिवलीला राहतो, त्याच्याकडे गेले आणि शनिवारी सकाळी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे पण विचारताना सगळे लॅमिंग्टन रोडच विचारतात. मी पेनड्राइव्हमध्ये दोन फाइली नेल्या होत्या. एक, ते कवितेचं पान, 'चिता' आणि 'चिंता' शेजारी शेजारी ठेवलेलं. दुसरी, एका मुखपृष्ठाची, ज्यात झेंडूच्या फुलांचा ढीग आहे, कारण रंगांनीही मला एकदा फसवलेलं. जुन्या स्क्रीनवर तो झेंडू फिका विटकरी दिसायचा म्हणून मी रंग वाढवत गेले आणि छापून आला तो इतका भडक की पाकळ्यांमधल्या रेषाच बुडाल्या.

इथे एक गोष्ट जपून वाचा, कारण ती मलाही तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती. बिझनेस क्लास म्हणजे स्क्रीन चांगली असं अजिबात नाही! कंपन्यांना एक्सेल आणि मेल बघायचे असतात, त्या घेताना स्वस्त स्क्रीन निवडतात. मी ज्या मॉडेलवर होते, थिंकपॅड टी14 जेन 2, 2021 चा, त्यात एकाच नावाखाली वेगवेगळ्या स्क्रीन यायच्या, फुल एचडीतच एक फिकी, जिच्या माहितीत 45 टक्के एनटीएससी लिहिलेलं असतं, आणि एक 400 निट्सची, 100 टक्के एसआरजीबीवाली (निट्स हे उजेडाचं माप, एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते त्याची). 45 टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीचे साधारण 60-65 टक्केच रंग, लाल रंग त्यात विटकरीकडे झुकतो. माझ्या जुन्या साध्या लॅपटॉपची जी गत तीच. बंद असताना दोन्ही स्क्रीन सारख्याच काळ्या, दुकानदारालाही फरक ठाऊक नव्हता. पण लेनोवोच्या साइटवर सीरियल नंबर टाकला की तो लॅपटॉप कारखान्यातून कोणकोणते पार्ट लावून निघाला त्याची यादी दिसते. दादाने मोबाइलवर एकेक नंबर टाकला, मी एकेकावर झेंडू उघडला. पहिले तीन फिके. चौथा उघडला आणि झेंडू केशरी दिसला, आणि यादीतही 400 निट्स. मग कवितेचं पान उघडलं, पूर्ण पान स्क्रीनवर, न वाढवता. 'चिंता'वरचं टिंब स्वच्छ, वेगळं, जागेवर होतं. मी दादाला म्हटलं, हाच.

बाकी तपासणी पटकन सांगते, ज्यांना वापरलेला घ्यायचाय त्यांच्या कामाची आहे. लॅपटॉप चालू होताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा की सुपरवायझर पासवर्ड मागतो का. मागत असेल आणि दुकानदाराला तो माहीत नसेल तर तिथेच ठेवा, थिंकपॅडमध्ये तो पासवर्ड काढायचा अधिकृत उपाय म्हणजे मदरबोर्ड बदलणं. विंडोज आधीच्या कंपनीच्या खात्याला बांधलेलं नाही ना तेही बघा, नव्याने सेटअप करताना एखाद्या कंपनीचं लॉगिन मागत असेल तर तो लॅपटॉप अजून त्यांच्याच नावावर आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्टची कमांड असते, powercfg /batteryreport अशी, ती चालवली की बॅटरी नवी असताना किती होती आणि आता किती भरते ते दोन आकडे येतात. माझी 50 हजार मिलीवॅट-अवरच्या जागी 41 हजार निघाली, मला चाललं, मी बहुतेक वेळ चार्जर लावूनच बसते. आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. सहाव्या-सातव्या पिढीचे आय5, आय7 फार स्वस्तात दिसतात, दिसायलाही छान असतात, पण विंडोज 11 ला अधिकृतपणे आठवी पिढी लागते आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर करणार असाल तर हे हलक्यात घेऊ नका. पक्कं बिल घ्या, मला दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी मिळाली ती बिलावर लिहून घेतली.

टायपिंग करून बघायला विसरू नका, आणि मराठीतच करून बघा. मी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करते, त्यात जवळजवळ निम्मी अक्षरं शिफ्ट दाबून येतात, ख, घ, छ, झ, ठ, ढ सगळी. डाव्या करंगळीला दिवसभर तीच एक की. माझ्या जुन्या लॅपटॉपची शिफ्ट कोपऱ्यात दाबली तर लागायची नाही, मधेच दाबावी लागायची, आणि 'ख'च्या जागी 'क' पडायचा. दुकानात उभ्याने मी दहा मिनिटं टाइप करत होते, दुकानदाराने खुर्ची दिली.

लॅपटॉप 36 हजार, वर 16 जीबी रॅमची पट्टी टाकली, सगळं मिळून 39 च्या जवळ. त्यात 8 जीबी बोर्डावरच जोडलेली आणि एक स्लॉट मोकळा होता, म्हणून आता 24 झाली. इनडिझाइन आणि फोटोशॉप दोन्हींसाठी अडोब स्वतःच 16 सुचवतं, आणि दोन्ही एकदम उघडे असले की ते पटतं.

आता भाचीचं. ताईला आधी एवढंच विचारलं की ती त्याच्यावर नक्की काय करणार आणि किती तास. ऑनलाइन लेक्चर, एक्सेल, टॅली, पीपीटी, पीडीएफ नोट्स, पुढे सीएची फाउंडेशन द्यायची म्हणतेय. रोजचे दोन-तीन तास. सत्तर हजारांच्या लॅपटॉपवर टॅली जास्त लवकर शिकता येत नाही. तिचा लॅपटॉप एक दिवस बंद पडला तर लायब्ररीत जाऊन अभ्यास होईल, माझा बंद पडला तर प्रेसचं मशीन माझ्यासाठी थांबतं. तुमच्या घरी काय येईल ते याच एका प्रश्नाने ठरवा असं मला मनापासून वाटतं, एक दिवस बंद पडला तर कोणाचं काय अडेल?

मग तिला माझ्यासारखा वापरलेला का नाही? कारण तिला बॅटरी लागते, कॉलेजात सगळीकडे प्लग नसतो, वजन कमी लागतं, रोज बसने जाते, आणि काही बिघडलं तर सांगलीत समोर जाऊन उभं राहता येईल असं वॉरंटीचं कार्ड लागतं. वापरलेला घेताना जी डोळ्यांत तेल घालून तपासणी करावी लागते ती ताईकडून झाली नसती.

पण साधा म्हणजे सगळ्यात स्वस्त नाही, इथे ताईशी माझा थोडा वाद झाला. तिला बावीस हजारांचा एक दिसला होता, सेलेरॉन हा हलका प्रोसेसर, 4 जीबी रॅम बोर्डावरच चिकटवलेली, आणि फाइली साठवायला 64 जीबीची ईएमएमसी, एसएसडीपेक्षा स्वस्त आणि हळू. आता विंडोज 11 ला कमीत कमी 64 जीबी जागा आणि 4 जीबी रॅम लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, म्हणजे तो लॅपटॉप खोक्यातून बाहेर येतानाच भरलेला. पहिला मोठा अपडेट आला की जागा नाही, आणि रॅम वाढवायची सोय नाही. असा लॅपटॉप घेण्यापेक्षा सहा महिने थांबलेलं बरं. मी तिला चार गोष्टी सांगितल्या, रॅम 8 जीबी आणि एक स्लॉट मोकळा, 512 जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान, एसएसडी, स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारी), आणि प्रोसेसरचं नाव मला फोटो काढून पाठव.

नावाचा फोटो यासाठी की त्यात फसायला होतं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या 7000 मालिकेत पहिला आकडा नुसता वर्ष सांगतो, आतली रचना कुठली ते तिसरा आकडा सांगतो. 7520यू मध्ये तिसरा आकडा 2, म्हणजे झेन 2, जी रचना 2019 ची आहे. नाव वाचून नवाकोरा वाटतो. वाईट नाही, भाचीच्या कामाला तोही चालला असता, पण 7000 म्हणून जास्त पैसे लावत असतील तर ते देऊ नका. शेवटी तिला बाराव्या पिढीचा आय3 घेतला, 1215यू, सहा कोअर, माझ्या 2021 च्या आय3 पेक्षा कितीतरी पुढचा, बिल 38 हजार. उरलेल्या पैशांत सीएच्या क्लासचा पहिला हप्ता गेला.

बिजागरीचं तिला बजावून ठेवलंय. एका कोपऱ्याला धरून उघडायचं नाही, मधोमध धरायचं, आणि झाकणाच्या पट्टीला धरून उचलायचं तर कधीच नाही. साध्या लॅपटॉपच्या खुंट्या प्लॅस्टिकच्याच असणार, पण नीट वापरलं तर तिची डिग्री होईपर्यंत टिकायला हरकत नाही.

आर्किटेक्चर, ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना माझं हे गणित लागू नाही, त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि तिथे खरोखरच वेगाचे पैसे द्यावे लागतात. त्यांनी त्याच क्षेत्रातल्या माणसाला विचारावं.

या सीझनला माझ्या लॅपटॉपवर तीन दिवाळी अंक झाले. पंखा अजूनही वाजतो, वजन जुन्याहून फार कमी नाही, कॅमेरा तर अगदीच सामान्य, व्हिडिओ कॉलवर चेहरा धुरकट दिसतो. ऑगस्टमध्ये आतली धूळ काढायला मी स्वतः उघडला, कंपनीच्या साइटवरचं ते दुरुस्तीचं पुस्तक शेजारी ठेवून, आणि परत लावला. चाळीस मिनिटं लागली. त्या कवींची कविता यंदाही होती, आता युनिकोडमध्ये टाइप केलेली, नातवाने करून दिलीय म्हणाले. मी स्क्रीनवर वाचली, मग प्रिंट काढून पेन्सिलीने एकेक अनुस्वार मोजला. तेवीस होते. छापलेल्या अंकातही तेवीस आहेत. अंक मी कुरियरने न पाठवता स्वतः नेऊन दिला, आईंनी पान हातात घेऊन चष्मा लावला आणि मुलाला म्हणाल्या, तू वाच, मी ऐकते.

जुना लॅपटॉप आबांना दिलाय. सकाळी पेपर वाचतात, दुपारी कीर्तन लावतात, अक्षरं मोठी करून दिली आहेत. टेबलावर एका जागी उघडाच असतो, आबा झाकण कधी बंद करत नाहीत, वरून फक्त एक रुमाल टाकतात, त्यामुळे ती सोडा लावलेली बिजागरी वर्ष झालं तरी तशीच घट्ट आहे.